मेडशीच्या खळ्यात आखलेली बाल्कनी

अशा सदरांतले अनुभव मी गेली कित्येक वर्षं मोठ्याने वाचत आलोय. मोठ्याने म्हणजे आमच्या सौ.साठी, कमलसाठी. तिने ऐकून घाबरायचं आणि मी वाचून हसायचं, अशी आमची वाटणी. पांढऱ्या साडीतली बाई, ओसाड बंगला, मागे वळून पाहिलं तर कोणीच नाही... मी म्हणायचो, या लोकांना दुसरा कामधंदा नाही का? आता मीच लिहायला बसलोय. तुम्हाला हसायचं असेल तर खुशाल हसा, मीही बरीच वर्षं हसून घेतलंय.

मी गवंडी. गाव मेडशी, तालुका मालेगाव, जिल्हा वाशीम. अकोल्याहून वाशीमकडे निघालात की रस्त्यातच लागतं. दहावीपर्यंत शिकलो, वाचायचा नाद पहिल्यापासून, आणि चाळीस वर्षं थापी चालवली. आमच्या धंद्यात विश्वास ठेवायचा तो ओळंब्यावर. भिंत सरळ आहे की वाकडी हे ओळंबा सांगतो. मालक काय म्हणतो आणि मालकाचे महाराज काय म्हणतात याच्याशी त्याला काही घेणंदेणं नसतं. धनजला एका प्लॉटवर कोणी पाया खणायला तयार होत नव्हतं, तिथे म्हणे काहीबाही दिसायचं. मी मुद्दाम अमावस्या बघून खणायला घेतलं. मला तिथे एक विंचू भेटला, बाकी कोणी नाही. घर आजही उभं आहे आणि त्यात चांगलं चार माणसांचं कुटुंब नांदतंय.

हे सगळं मी वहीत लिहिलंय, आमची मुलगी रूपाली ते टाइप करून पाठवते आहे. शुद्धलेखन तिचं, बाकी जे काही बरंवाईट ते माझं.

माझी कामाची एक पद्धत होती, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. घर बांधायचं म्हणजे आधी जमिनीवर आखणी करतात. खुंट्या ठोकायच्या, दोरी ताणायची आणि दोरीच्या कडेने चुन्याची फक्की सोडत जायची. पांढऱ्या रेघांनी अख्खं घर जमिनीवर उमटतं. बाकीचे गवंडी रेघा पडल्या की कुदळ मारतात. मी मारत नसे. मी घरच्या बाईला बोलवायचो, स्वयंपाकघराच्या चौकोनात ओटा जिथे येणार तिथे खुर्ची टाकून तिला बसवायचो आणि विचारायचो, "इथं बसून काय दिसते, वहिनी?"

आधी लाजायच्या. मग एखादी म्हणायची, रस्ता दिसते. एखादी म्हणायची, देवघर दिसते. एक बाई म्हणाली, "देराचा संडास दिसते जी, दुसरं काय दिसन?" मी तिथल्या तिथे दोरी सोडली आणि तिचा ओटा पूर्वेकडे फिरवला. तो दीर माझ्याशी वर्षभर बोलला नाही. कागदावरचा नकाशा माप सांगतो, बसल्यावर काय दिसेल ते सांगत नाही. ते बसूनच बघावं लागतं. लोक थट्टा करायचे, मिस्त्री घर बांधून राह्यला का मुलगी दाखवून राह्यला. करू देत.

आणि माझं स्वतःचं घर? ते मी एका उन्हाळ्यात दोन कामांच्या मधल्या फटीत उरकलं. कमल तेव्हा बाळंतपणाला माहेरी, इंझोरीला गेलेली. रूपालीला घेऊन परत आली तेव्हा स्लॅब टाकून झाला होता. तिचा ओटा भिंतीला लागून, आणि भिंतीतल्या खिडकीतून दीड फुटावर शेजाऱ्याची भिंत. एकतीस वर्षं ती बाई त्या भिंतीकडे तोंड करून भाकरी थापत आली. भांडली नाही कधी. एकदाच हसत हसत म्हणाली, "साऱ्या गावच्या बायाईले इचारलं तुमी. मलेच इचाराचं राह्यलं." हसत म्हणाली म्हणून मी पण हसलो. पण ते वाक्य मला अजून टोचतं.

तिची एकच हौस होती – समुद्र बघायचा. लग्नाच्या वर्षीच मी कबूल केलं होतं. पण गवंड्याचा हंगाम आणि फिरायचा हंगाम एकच. पाऊस संपला की कामं निघतात ती मिरगापर्यंत. आणि पावसाळ्यात थापी टांगली की आमचं तीन एकर वावर आहेच, सोयाबीन आणि तूर. पुढच्या वर्षी जाऊ, पुढच्या वर्षी जाऊ म्हणता म्हणता रूपालीचं लग्न होऊन ती पुण्याला गेलीसुद्धा.

मग कमलला बाजूचं दिसेनासं झालं. दाराच्या चौकटीला खांदा लागायचा, ताटाशेजारचा गिलास लवंडायचा. मी म्हणायचो, नीट पाहत जा. अकोल्याच्या डॉक्टरांनी तपासलं – काचबिंदू, आणि उशीर झालेला. गेलेली नजर परत येणार नाही. समोरची जी काही उरली आहे, नळीतून बघावं तेवढी, ती औषधाच्या थेंबांवर टिकेल तितकी टिकेल. किती टिकेल ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मला दुसऱ्यांदा विचारायचा धीर झाला नाही. परत येताना एसटीत खिडकीशी बसून ती एवढंच म्हणाली, "मंग समुद्र पाहाचा राह्यलाच म्हना." मला तेव्हा माझीच लाज वाटली.

हे रूपालीला कळलं आणि दोन दिवसांनी तिचा फोन आला. "बाबा, आईले वाळूत चालता येनार नाही, गुडघे हायेत. गर्दीत धक्का लागन. आपन जहाजात रूम घेऊ, बाल्कनीवाली. आईनं नुसतं खुर्चीत बसून राहाचं."

मुंबईहून निघणारं मोठं प्रवासी जहाज, गोव्याच्या पुढे जाऊन परत यायचं. डिसेंबरात जागा होती. तेव्हा ऑक्टोबर चालू होता, आमचं सोयाबीन नुकतंच निघालं होतं. रूपालीने तीन केबिन निवडून पाठवल्या आणि सांगितलं की यातली कोणतीही घ्या, एजंट म्हणतो तिन्हींची बाल्कनी एकाच वर्गातली, सारखीच आहे.

सारखीच? चाळीस वर्षांत मी दोन सारख्या बाल्कन्या पाहिल्या नाहीत, एकाच बिल्डिंगमध्येसुद्धा नाही. मी तिला जहाजाचा नकाशा पाठवायला लावला आणि मालेगावला जाऊन मोठा प्रिंट काढून आणला. नकाशावर मापं नव्हती. पण केबिनमधली खाट काढलेली होती. खाट सव्वासहा फुटांची धरली आणि तिच्यावरून बाकीचं सगळं काढलं. पहिल्या केबिनची बाल्कनी नऊ फूट लांब पण जेमतेम चार फूट पुढे आलेली, म्हणजे खुर्चीत बसलं की गुडघे कठड्याला. शिवाय फोटोत तिचा कठडा खालून पत्र्याचा, बाकी दोघींचा काचेचा. मी कमलला खुर्चीत बसवून जमिनीपासून डोळ्यापर्यंत टेप लावला – तीन फूट सात इंच. कठडा साधारण तीन फूट आठ. पत्र्याचा कठडा घेतला असता तर माझ्या बायकोने मुंबईपर्यंत जाऊन पुन्हा भिंतच बघितली असती. दुसरी बाल्कनीही चारच फुटांची, आणि नकाशात तिच्यापुढे एक बारीक त्रिकोण होता, तो कशाचा ते मला उमगलं नाही. तिसरी जहाजाच्या अगदी शेपटाला, कोपऱ्यावर. आठ फूट लांब आणि साडेसहा फूट पुढे. तिच्या एका बाजूला शेजारची केबिन आणि दुसऱ्या बाजूला जहाजच संपलेलं.

कागदावर मला तिसरी पटली होती. पण बसून बघितल्याशिवाय मी कशाला हो म्हणत नाही, तुम्हाला सांगितलंच. यावेळी तरी कमलला विचारायचं होतं.

एक दिवस दुपारी चारच्या सुमाराला घरामागच्या खळ्यात, जिथे आठ दिवसांपूर्वी सोयाबीनचा ढीग होता, मी तिन्ही बाल्कन्या शेजारी शेजारी आखल्या. दोरीचं दुसरं टोक कमलनेच धरलं. "धरा म्हनता तर धरतो, पन रेघ वाकडी गेली तर मले बोलू नका," म्हणाली. खळ्याच्या पलीकडे आमच्या तुरी, पिवळ्या फुलावर आलेल्या. हवा पार पडलेली होती, पान हलत नव्हतं. हे मी खात्रीने सांगतो, कारण फक्की टाकताना वाऱ्याची झुळूक जरी आली तरी रेघ पसरते, आणि त्या दिवशीच्या रेघा सुरीने कापल्यासारख्या पडल्या होत्या.

घरातल्या दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या. पहिल्या चौकोनात ती बसली. विचारलं, "काय दिसते?"

"पत्रा," ती म्हणाली.

मी हसलो. पत्र्याचं मीच तिला सांगितलं होतं. मग दुसऱ्या चौकोनात. इथे तिने जरा वेळ घेतला. डोळे बारीक केले.

"काहीतरी नारंगी हाय. मोठं. पान्याच्या टँकरचं पोट असते तसं. त्याच्या वरून इवलंसं पानी दिसते."

मला वाटलं आज मजेत आहे, खेळते आहे. सहज म्हणून रूपालीला फोन लावला आणि त्या त्रिकोणाचं एजंटला विचारायला सांगितलं. दहा मिनिटांत तिचा उलट फोन. तो त्रिकोण म्हणजे समोर अडथळा आहे. त्या केबिनपुढे जहाजाची संकटात सोडायची होडी टांगलेली असते, बंद पोटाची, नारंगी रंगाची. मी रूपालीला विचारलं, तू आईला हे आधी सांगितलं होतंस का? ती म्हणाली, मलेच आता कळलं.

टीव्हीवर पाहिलं असेल कधी, अशी मी माझी समजूत घातली. तिसऱ्या चौकोनात खुर्च्या मांडल्या, दोन्ही, आणि तिला हाताला धरून बसवलं.

मी विचारलं, "काय दिसते?"

"पानी."

"कसं?"

"मांगं मांगं जाऊन राह्यलं. आपुन पुढं चाललो अन् पानी मांगं. मधात पांढरा पट्टा पडला, तुमच्या फक्कीवानी. लय दूर गेला तो पट्टा... त्याले शेवटच नाही."

मी तिच्याकडे बघत राहिलो. मग आपलं कामाचं विचारलं, "बाजूले कोंडल्यावानी वाटते का?" कारण तिच्या डाव्या हाताला मी शेजारच्या केबिनची पडदी आखली होती, म्हणजे दोन बाल्कन्यांच्या मधली आडभिंत.

"उजव्या हाताले एक मानूस बसला हाय," ती म्हणाली. "हाताले पलास्तर हाय त्याच्या. एका हातानं मोसंबी सोलून राह्यला. जमून नाही राह्यलं बिचाऱ्याले."

"उजव्या हाताले कोनी नाही कमल, तिकडं जहाज संपते. शेजारी डाव्या हाताले."

"उजव्याच हाताले हाय."

"अन् मधात पडदी हाय, मानूस दिसन कसा?"

"पडदी उघडी हाय. दारावानी." हे तिने असं सांगितलं, की मी कशाला उगाच वाद घालतोय.

अर्धा तास ती तिथे बसली. मी तिच्यापासून दोन हातांवर उभा होतो. तिच्या नजरेच्या रेषेत मी वाकून वाकून बघितलं, मला आमच्या तुरी दिसत होत्या. तुरीचं एक पान हलत नव्हतं. आणि कमलचा पदर उडत होता. डोक्यावरून तो दोनदा घसरला, दोनदा तिने तो ओढून घेतला, आणि शेवटी कंबरेला खोचला. माझ्या फक्कीच्या रेघा तिच्या पायाशी होत्या तशाच, कडक.

उठताना म्हणाली, "हेच घ्या." तिसरी केबिन पक्की केली.

नोव्हेंबर संपता संपता एका सकाळी तिने मला विचारलं, "लाइन गेली का?" खिडकीतून ऊन तिच्या मांडीवर पडलेलं होतं. अकोल्याला नेलं. डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं, पण व्हायचं ते झालं होतं.

रूपाली फोनवर रडायला लागली. बाबा, आता रद्द करू का? मला पण तेच वाटत होतं. आंधळ्या बाईला समुद्रावर नेऊन काय दाखवायचं? उलट जखमेवर मीठ. मी फोन कमलच्या कानाला लावला. ती शांतपणे म्हणाली, "रद्द करू नको बाई. पाहून झालं माहं. पन तवा आवाज नव्हता. आवाज आयकाले जाऊ."

आम्ही दोघंच गेलो.

जहाजाचं वर्णन करत बसत नाही, ते तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिलं असेल. मी केबिनमध्ये शिरल्या शिरल्या बॅग टाकली आणि टेप काढला. माझा स्वतःचा, स्टीलचा, घरून आणलेला. बाल्कनी सहा फूट चार इंच निघाली, दोन इंचांनी माझा अंदाज चुकला. तेवढं चालतं. पण मग बाहेर उभं राहून समुद्राकडे तोंड केलं. शेजारच्या केबिनची पडदी उजव्या हाताला होती. डाव्या हाताला जहाज संपत होतं.

मी खळ्यात उलटं आखलं होतं. कसं, ते कळायला मला पाच मिनिटं लागली. घराचा नकाशा वाचताना मी नेहमी मनाने रस्त्यावर उभा राहतो आणि घराकडे बघतो, ही माझी चाळीस वर्षांची सवय. इथे रस्ताच नाही, म्हणून मी समुद्रात उभा राहून जहाजाकडे बघितलं. तिथून शेजारी डावीकडे पडतो. तोच डावा मी खळ्यात धरला. पण खुर्चीतल्या माणसाचं तोंड तर समुद्राकडे असणार, त्याचा तो उजवा होतो. नवशिक्याने केली असती तर त्याला मी दिवसभर ऐकवलं असतं, अशी चूक. आणि ज्या बाईला मी उलट्या चौकोनात बसवलं होतं, तिने बरोबर सांगितलं होतं.

पहिल्या दिवशी ती पडदी बंद होती. मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू. एवढ्यावर सगळं थांबलं असतं तर मी योगायोग म्हणून सोडून दिलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला जहाजाचा माणूस बाल्कनी धुवायला आला. त्याने पडदीची कडी काढली, ती दारासारखी मागे वळवली, हुकाला अडकवली, दोन्हीकडचं धुतलं आणि तशीच उघडी ठेवून निघून गेला. मी कमलला खुर्चीत आणून बसवलं होतं. ती ऐकत होती. पाण्याचा आवाज खालून येत होता, एकसारखा, जात्याची घरघर असते तसा पण जरा मऊ. तिचा चेहरा मी बघत होतो. ती म्हणाली, "असा असते व्हय आवाज."

तेवढ्यात शेजारच्या बाल्कनीत एक गृहस्थ येऊन बसले. साठीचे, सांगलीकडचे, नंतर ओळख झाली. डाव्या हाताला कोपरापासून पंजापर्यंत प्लास्टर. बशीत दोन मोसंबी. एक त्यांनी मांडीत धरली आणि उजव्या हाताच्या नखाने सोलायला लागले. ती सटकत होती. ते काही बोलले नव्हते. मी काही बोललो नव्हतो.

कमल उजवीकडे वळली आणि हात पुढे केला. "द्या भाऊ, इकडं द्या. मी सोलून देतो."

त्यांनी उठून मोसंबी तिच्या हातात दिली. मग त्यांच्या लक्षात आलं की ती त्यांच्याकडे बघत नाहीये. माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "वहिनींना दिसतं ना?" मी मान हलवली, नाही म्हणून. ते गडबडले, पण भले माणूस, पुढे विचारलं नाही.

मी मात्र विचारलं. हाताला कधी लागलं? म्हणाले, पंधरा दिवस झाले, न्हाणीघरात पाय घसरला, यायचं रद्दच करणार होतो. म्हणजे डिसेंबरची सुरुवात. आम्ही खळ्यात आखणी केली तेव्हा ऑक्टोबर होता. तेव्हा या गृहस्थांचा हात धड होता, आणि कमलने तो प्लास्टरमध्ये पाहिला होता.

कमलने फोडी करून त्यांना दिल्या, दोन मला दिल्या, दोन स्वतः खाल्ल्या. मग मलाच विचारलं, "सांगा, काय काय हाय?"

मी सांगायला लागलो. पाणी आहे, खूप आहे, निळं आहे, ऊन आहे. घर बांधणाऱ्या माणसाला समुद्राचं काय वर्णन करता येणार, त्याला ना कोपरा ना काटकोन. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "पट्ट्याचं सांगा ना. आधी एकच असते जाड, मंग त्याचे दोन होतात अन् बाजूबाजूले सरकतात."

मी मागे पडणाऱ्या पांढऱ्या पाण्याकडे बघितलं. एक जाड पट्टा, आणि लांब जाऊन त्याचे दोन झालेले, एकमेकांपासून दूर सरकत चाललेले. मी कालपासून तिथे उभा होतो, मला डोळे होते, आणि ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. ती माझ्यापेक्षा नीट पाहून बसली होती.

परत आल्यावर मी चार शिकलेल्या लोकांना विचारलं. एकाने सांगितलं की नजर जाणाऱ्या माणसाला कधी कधी नसलेली चित्रं दिसतात, मेंदू ती तयार करतो. असेल. पण मेंदूने सांगलीच्या माणसाचा हात दीड महिना आधी मोडला कसा? दुसरा म्हणाला, तुम्ही नंतर सगळं जुळवून घेतलं असेल. त्याला मी रूपालीचा नंबर दिला. नारंगी होडीचं तिला त्याच दुपारी कळलं होतं, आणि मोसंबीवाल्याचं मी त्याच संध्याकाळी तिला हसत हसत सांगितलं होतं. कमलला विचारावं तर तिला यात नवल वाटतच नाही. "तुमीच तं बसवलं मले तिथं," म्हणते.

जानेवारीत तुरी सोंगून झाल्यावर मी खळ्यात ती बाल्कनी पुन्हा आखली. यावेळी नीट, शेजारी उजव्या हाताला. दुपारी चारची वेळ धरली. दोन खुर्च्या मांडल्या, कमलला एका खुर्चीत बसवलं, दुसरीत मी बसलो. विचारलं. ती म्हणाली, "आता काही नाही दिसत बाप्पा. डोये गेले ना माहे." मी डोळे ताणून बघितलं. वावर होतं, तुराट्यांचा भारा होता, बांधावर एक बकरी होती. तरी मी संध्याकाळपर्यंत बसलो. तेव्हापासून जमेल त्या दुपारी बसतो. शेजारीपाजारी काय म्हणतात ते मला माहीत आहे.

आता ते लिहितो, जे वर मी गाळलं. रूपालीला पण हे आत्ता टाइप करतानाच कळेल.

मी वर लिहिलंय की त्या दिवशी मी कमलपासून दोन हातांवर उभा होतो. का उभा होतो, ते लिहिलं नाही. ती तिसऱ्या चौकोनात बसल्यावर तिने शेजारची खुर्ची थोपटली होती. म्हणाली होती, "या ना, बसा जराक." मी म्हटलं, एक कोपरा गुण्यात बसत नाही, तेवढा काटकोन करून येतो. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "या ना." मी म्हटलं, आलोच. तिसऱ्या वेळी तिने नुसता हात पुढे केला. माझ्या एका हातात फक्कीचं घमेलं होतं, दुसऱ्या हातात दोरी. मी तो कोपरा काटकोनात आणला. उलट्या बाजूचा कोपरा. आणला तोवर ती उठली होती.

मागच्या आठवड्यात खळ्यात बसलेलो असताना मी तिला भीतभीत विचारलं, "त्या दिवशी, तिथं... माही खुर्ची होती का?"

"होती ना."

"अन् मी?"

"तुमी कुठं," ती म्हणाली. "त्या खुर्चीवर मी पिशवी ठेवली व्हती, कोनी बसू नये म्हनून. यष्टीत ठेवतो तशी. लय वेळ धरून ठेवली म्या जागा."